लेस लावलेली खोळ

दिनानाथची पुसपास झाली की कुमुदिनी नेवासकरांचा वर्ग सुरू व्हायचा.

दिनानाथ म्हणजे एक पाय. गुडघ्याखालचा, प्लास्टरचा, कुठल्याशा रंगाऱ्याने जरा जास्तच गुलाबी रंगवलेला. त्याच्या नडगीत आडव्या पिना घुसवलेल्या होत्या आणि त्या पिना बाहेरच्या अंगाने स्टीलच्या दांड्यांना पक्क्या आवळलेल्या होत्या. अपघातात हाड फुटून मांस उघडं पडलं, की डॉक्टर कधीकधी आत धातूची पट्टी न बसवता असा बाहेरून सांगाडा चढवतात. इमारतीला परांची बांधावी तसा. वॉर्डात सगळे त्याला फ्रेम म्हणतात. पायाला दिनानाथ हे नाव मुलींच्या कुठल्याशा जुन्या तुकडीनं ठेवलं होतं. का ठेवलं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

इंदूरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात कुमुदिनीबाई नर्सिंगच्या मुलींना हाडांच्या रोग्यांची सेवा शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय, डोकं फोडून घ्यायच्या. त्यांचे आजोबा नेवाशाहून इथल्या गिरणीत कारकून म्हणून आले, वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले, आणि या घरातल्या मुलीनं नर्स व्हायचं म्हटल्यावर घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आपल्यातल्या मुली शाळेत जातात, बँकेत जातात, रोग्यांची भांडी धरायला जात नाहीत, असं काकांनी सुनावलं. बाई तरीही शिकायला गेल्या. तेव्हापासून त्यांचा जगाशी जो वाद सुरू झाला तो काही मिटलेला नाही.

"हे बघा," दिनानाथच्या पिनेच्या मुळाशी चिमटा टेकवून त्या म्हणायच्या, "पिन चमडीत घुसते ना, ती जागा म्हणजे घराचं दार. आणि हे दार चोवीस घंटे खुलं आहे. चोर येणार तर कुठून येणार?"

"इथूनच, मॅडम!" सगळ्या एका सुरात.

"मग बघायचं कुठे?"

"पिनच्या मुळाशी, मॅडम!"

"मग वॉर्डात गेल्यावर पंख्याकडे काय बघता? पंख्याला पिना मारल्यात का?"

मुली खळखळून हसायच्या. परीक्षेत सुरेख लिहायच्या. प्रत्येक पिनेला नवा बोळा, लाली, सूज, पू, वास, पिन हलते का, बोटं गरम आहेत का, सगळं पाठ. आणि वॉर्डात गेल्या की पालथ्या घड्यावर पाणी. आपल्या शहराला स्वच्छतेचं बक्षीस मिळतं याचा अभिमान एकेकीच्या अंगात असा भिनलेला, की दांड्या पुसून पुसून आरसा करून ठेवत. त्यात बघून टिकली लावावी. पिनेच्या मुळाशी मात्र कालचं रक्त वाळून तसंच. नळ चकचकीत आणि मोरी तुंबलेली. ड्यूटी बदलताना विचारलं, पेशंट कसा आहे, तर उत्तर ठरलेलं, "सब बढ़िया, मॅडम." एकदा बढ़िया ठरवलेल्या पेशंटला ताप होता. त्या दिवशी बाई इतक्या भडकल्या की शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डातून कुणी तरी काय झालं ते बघायला आलं.

या सगळ्या गोंधळात त्यांचा एक भरवसा होता. सुरुची. वर्गातलीच, राजेंद्र नगरात त्यांच्याच मागच्या गल्लीत राहणारी मुलगी, हात कसा हलका, गाठ कशी बेताची, सुई टोचली तर पेशंटला कळूही नये. वॉर्डात ती बाईंना मॅडम म्हणायची आणि घाबरली की एकदम काकू. बाईंची निवृत्ती जवळ आलेली. शिकून पास झाली की आपल्यामागे हा वर्ग आणि दिनानाथ या पोरीच्या हवाली करावा, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तिला मात्र अजून सांगितलं नव्हतं. कौतुक केलं की पोरी बिघडतात, असं त्यांचं मत.

अशात पलक आली.

पलक इंदूरजवळच्या बेटम्याची. वडिलांचं खत-बियाण्याचं दुकान, ही कॉलेजात. धार रोडवर स्कूटीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं उडवलं आणि नडगीचं हाड बाहेर आलं. ऑपरेशन चांगलं झालं, फ्रेम चढली, जखम भरू लागली. डॉक्टर नीरज राउंडवर म्हणाले, आता उठायचं, वॉकर धरून पाऊल टेकायचं, रोज चालायचं. नुसतं पडून राहिलात तर पाऊल खाली झुकून आखडेल, टाच टेकणार नाही, मग तेवढ्यासाठी पुन्हा ऑपरेशन.

पलकनं ऐकून घेतलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

ती पलंगावरून उतरायलाच तयार नव्हती. भेटीच्या वेळी बेटम्याहून गाडी भरभरून बायका यायच्या. पलंगाभोवती कोंडाळं करून उभ्या राहायच्या, चादरीचं टोक हळूच उचलून बघायच्या, आणि मग एकीचं "हाय राम" संपलं की दुसरीचं सुरू. लड़की की जात, अब शादी कौन करेगा, असले उद्गार पोरीच्या डोक्यावरून इकडून तिकडे जायचे. तिची आई सुनीता बिचारी दिवसभर एकच काम करायची. चादर नीट करणं. कुणी दारात दिसलं की आधी चादर. "म्हारी छोरी को मत देखो अभी, जीजी, सो री है," म्हणायची, आणि छोरी चादरीखाली टक्क जागी.

"उठवा तिला," कुमुदिनीबाई सुरुचीला म्हणाल्या. "लाड करू नका. मला उज्जैनला नणंदेच्या वास्तुशांतीला जायचंय. मी येईपर्यंत ही पोरगी दारापर्यंत चालली पाहिजे."

उज्जैनची वास्तुशांत लांबली. नणंदेनं आग्रह करून ठेवून घेतलं. देवदत्तरावांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, तिथं मुक्कामी जेवणावर जेवणं झोडली. ते गणिताचे निवृत्त मास्तर. जगातला कुठलाही प्रश्न पोटभर पोहे खाल्ल्यावर सुटतो यावर त्यांची श्रद्धा. बाईंचं मात्र सगळं लक्ष वॉर्डात.

परत आल्या त्या सकाळी त्या वॉर्डात शिरल्या आणि दारातच थांबल्या.

पलक चालत होती. वॉकर धरून, ओठ दाबून, पण चालत होती. कॉरिडॉरच्या खिडकीपर्यंत जाऊन ती वळली, तेव्हा बाईंना तिचा पाय दिसला. फ्रेम दिसलीच नाही. फ्रेमवर खोळ होती. फिकट जांभळ्या कापडाची, वर चेन, खाली हुक, आणि कडेनं चक्क पांढरी लेस.

बाईंनी वॉर्डात नजर फिरवली. आणखी दोघा-तिघांच्या पायांवर खोळी. सराफ्यात ज्यांची सोन्याचांदीची गादी आहे ते शरदचंद्रजी स्कूटरवरून घसरून आले होते, त्यांची तर सोफ्याच्या कापडाची, घरच्या बैठकीला मॅचिंग. ते ती आल्यागेल्याला दाखवत होते. "देखो भिया, फर्स्ट क्लास काम! पैर का पैर, फर्निचर का फर्निचर!"

आता यात नवल काही नाही. आपल्या लोकांना झाकल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रिज आणला की फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोटला प्लास्टिक, आणि नव्या सोफ्याचं मूळ कापड तर मालक मेल्यावरच जगाला दिसतं. पण म्हणून पायाला? तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी कळलं.

"कुणाचं हे डोकं?"

सुरुची पुढे आली. तोंडावर शाबासकीची वाट बघत असल्याचा भाव. "माझं, मॅडम. पलक रोत होती ना, सगळे बघतात म्हणून. मग मी घरी मशीनवर शिवून आणली. तर उसी दिन उठली ती! मग बाकीच्यांनीही मागितली. अमिता सिस्टरनी तर फोटो काढून ग्रुपवर टाकले."

अमिता सिस्टर वॉर्डच्या इन्चार्ज. त्या तेवढ्यात आल्याच. "अहो नेवासकर मॅडम, वॉर्ड कसा छान दिसतोय, बघा तरी!"

"वॉर्ड काय दिवाणखाना आहे का, छान दिसायला?" बाई कडाडल्या. "सुरुची, ही शरदचंद्रजींची खोळ शेवटची कधी उघडली?"

सुरुचीची नजर खोळीच्या चेनकडे गेली.

"कधी उघडली?"

"चेन फसते, मॅडम... बाहेरून बघितलं तर सगळं साफ होतं..."

"उघड."

चेन खरंच अडकली. हुक काढावे लागले. आणि कापड दूर करायला गेल्यावर ते एका पिनेच्या मुळाशी चिकटलेलं निघालं. खाली लालबुंद सूज, आणि दाबल्यावर पू. शरदचंद्रजी "हाय भिया" म्हणून ओरडले. डॉक्टर नीरजना बोलावणं गेलं, पू तपासायला पाठवला, इंजेक्शनं सुरू झाली. वेळेवर सापडलं म्हणून निभावलं. आणखी चार दिवस ते फर्निचर तसंच राहिलं असतं तर हाडापर्यंत गेलं असतं, असं डॉक्टरांनी कुणाचं नाव न घेता सांगितलं. सुरुची पांढरीफटक पडली.

बाईंनी तिथल्या तिथं सगळ्या खोळी उतरवल्या. लेसवाली सगळ्यात शेवटी. पलकनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मैडम, मेरी तो रोज़ खुलती थी," पलक म्हणाली. "मैं खुद खोलती थी."

"नियम सबके लिए एक," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ती सोडवून घेतली.

झालं. पलक पलंगावर गेली, चादर ओढली, आणि पुन्हा काही उतरली नाही.

तिला समजावून झालं, दटावून झालं. सुनीतानं रडून घेतलं. अमिता सिस्टरांनी सफरचंद कापून दिलं. फिजिओथेरपीवाला रोज वॉकर घेऊन यायचा आणि रोज तसाच परत न्यायचा. डॉक्टर नीरजनी एका सकाळी तिचं पाऊल हातात घेऊन वर दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाऊल आखडायला लागलं होतं. काटकोनात येत नव्हतं. "हे असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात मला निर्णय घ्यावा लागेल," ते कुमुदिनीबाईंना बाजूला घेऊन म्हणाले. "वीस वर्षांची मुलगी आहे. जन्मभर चवड्यावर चालेल, नाही तर पुन्हा टेबलावर घ्यायची. काही तरी करा."

काही तरी करा! बाईंना डोकं आपटावंसं वाटलं. झाकलं तर पू, उघडलं तर हट्ट. इकडे आड, तिकडे विहीर. आणि वर सुरुची, जी आता त्यांच्याशी नजर मिळवत नव्हती, पण एकदा जाता जाता हळूच बोलून गेलीच, "चालत तर होती, मॅडम." खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच बाईंचा जास्त तिळपापड झाला.

घरी त्यांनी भांडी आदळली. "अहो, काही सुचवा तरी," त्या देवदत्तरावांवर खेकसल्या.

"तू तिला विचारलंस का, नेमकं काय होतंय?" देवदत्तराव म्हणाले. "तू उठायला सांगतेस, दाबायला सांगतेस. विचारत नाहीस."

"मला शिकवू नका."

"बरं," म्हणून ते पेपरात शिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड शांत असताना, सुनीता चहाला गेलेली बघून बाई पलकच्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या.

"चादर हटाओ."

"नी हटाऊँ."

"मुझसे क्या शरम? मैं तो रोज़ देखती हूँ."

"आपसे कौन शरम कर रा है," पलक म्हणाली. "आप देखती हो तो पैर देखती हो. बाकी दीदियाँ..."

ती बोलायची थांबली आणि तिनं करूनच दाखवलं. नाक वर ओढलं, श्वास कोंडला, मान भिंतीकडे वळवली आणि हवेत हात फिरवत काही तरी पुसलं. "ये अस्मिता दीदी. खिड़की में देख के साफ करती है." अस्मिता वर्गातलीच एक मुलगी. मग डोळे अर्धे मिटून, ओठ आत घेऊन, भराभरा. "ये सुरुची दीदी. साँस रोक लेती है. पूरा हो जाए तब छोड़ती है." एकेक नक्कल इतकी हुबेहूब, की बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"बेटमा वाले तो एक दिन आते हैं, मैडम, हाय-हाय करके चले जाते हैं," पलक म्हणाली. "ये तो रोज़ सुबह-शाम. जब सिस्टर लोग से ही देखा नी जाता, तो मैं बाहर किसके सामने जाऊँ? सुरुची दीदी ने कवर बनाया ना, उस दिन पहली बार मेरी तरफ देख के बात करी उनने."

तिनं चादर पुन्हा गळ्यापर्यंत ओढली. यावेळी बाईंनी ती हटवायला सांगितलं नाही.

त्या उठल्या आणि वर्गात आल्या. दिनानाथ टेबलावर होता. गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या वर काही नव्हतंच. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. या पायावर आपण पोरींच्या तुकड्याच्या तुकड्या तयार केल्या, चिमटा कसा धरायचा ते शिकवलं, बोळा कुठून कुठे फिरवायचा ते शिकवलं. आणि इतकी वर्षं एकीलाही हे शिकवलं नाही, की पायाच्या वरच्या टोकाला एक माणूस असतं आणि ते तुमच्या तोंडाकडे बघत असतं. दिनानाथसमोर कुणी कसलंही तोंड केलं तरी चालून जात होतं. त्यांना स्वतःचा असा संताप आला, की त्यांनी दिनानाथला उचलून कपाटात टाकलं आणि दार धाडकन लावलं.

मग त्यांनी सुरुचीला बोलावलं.

"खोळ कुणासाठी शिवलीस?"

"पलकसाठी, मॅडम. सांगितलं ना."

"खरं सांग."

सुरुचीनं आधी वर्गाचं दार लोटून घेतलं. मग तिचा आवाज फुटला. "मला बघवत नव्हतं, काकू. बाकी सगळं करू शकते मी. पण ती पिन चमडीतून निघते ना, तिथं नजर गेली की डोळे आपोआप मिटतात. वाटलं, झाकलं तर तिलाही बरं आणि... मलाही."

बाईंच्या जिभेवर खरमरीत शब्द होते. नेहमीचे, ठेवणीतले. ते त्यांनी गिळले. वर्षाच्या सुरुवातीपासून ही पोरगी श्वास कोंडून हे काम करते आहे आणि आपल्याला पत्ता नाही. आपल्याला तिचा हलका हात तेवढा दिसला.

"बघवत कुणालाच नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला पहिल्यांदाच बघवतं, त्याचंच काही तरी चुकलेलं असतं. बघायला शिकावं लागतं, आणि ते मी शिकवलं नाही. पूस ते नाक. उद्यापासून वर्ग वॉर्डात."

पलकला त्यांनी रीतसर विचारलं. तुझ्या पायावर मुली शिकतील, चालेल का?

"मुझे क्या मिलेगा?" पलक म्हणाली.

"कुछ नहीं. डाँटने को मिलेगा."

पलकनं विचार केला. इतके दिवस सगळे तिलाच रागावत होते. "चलेगा," ती म्हणाली.

तो वर्ग बघण्यासारखा होता. पडदा ओढलेला, पलंगावर उशीला टेकून पलक परीक्षक, आणि समोर एकेक मुलगी. नियम साधा. हात चालतील तेव्हा नजर पिनेच्या मुळाशी, हात थांबले की पलककडे बघायचं आणि जे दिसलं ते तिला सांगायचं. तोंड वाकडं झालं की पुन्हा पहिल्यापासून. पहिला नंबर सुरुचीचा. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"साँस रोकी," पलक म्हणाली.

सुरुचीनं चिमटा ठेवला, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली.

"भौं चढ़ी."

पुन्हा.

"अब दाँत दबा रही हो. मेरा पैर है, इमली नी है."

मुली हसल्या, सुरुचीही हसली, आणि हसता हसताच तिनं पिनेच्या मुळाशी नीट बघितलं. बहुधा पहिल्यांदा. "पलक, यहाँ थोड़ा पानी है, साफ है," ती म्हणाली. "लाली नी है. इधर दबाऊँ तो दुखता है?"

"थोड़ा," पलक म्हणाली. मग स्वतःच मान वाकवून बघायला लागली. "हाँ, यहीं."

पलक निर्दय परीक्षक निघाली. अस्मिताला तिनं रडवलं. एकीला सांगितलं, आपका मुँह ठीक है पर हाथ भाग रहे हैं. आणि कुमुदिनीबाईंना, ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांना, काय मिळालं? मुलींची तोंडं सुधारली, पण पलक पलंगावरून उतरली नाही ती नाहीच. वॉकर रोज यायचा, रोज जायचा. चादर आता वर्ग संपल्यावर ओढली जायची, एवढाच फरक. डॉक्टर नीरजनी ऑपरेशनची तारीख बघायला सांगितली. ज्या दिवशी ती ठरायची होती त्या दिवशी बाई सकाळपासून कुणाशी धड बोलल्या नाहीत. अमिता सिस्टरनी चहा पुढे केला, तर "साखर किती!" म्हणून परत केला.

दुपारी भेटीची वेळ झाली. बेटम्याची मंडळी आलेली, दारात घोळका. सुनीता चादर नीट करायला लगबगीनं उठली. बाई दाराशी डॉक्टरांची वाट बघत उभ्या होत्या. आणि समोरच्या रांगेत, पार टोकाला, शरदचंद्रजींच्या पलंगाशी अस्मिता त्यांच्या पिना साफ करत होती. हात पायावर, नजर खिडकीत. खिडकीबाहेर कुणी तरी वरातीची घोडी घेऊन चाललं होतं.

"अस्मिता दीदी!" पलकनं हाक मारली.

वॉर्डात भेटायला आलेल्यांचा कलकलाट. अस्मिताला ऐकू गेलं नाही. शरदचंद्रजी बिचारे छताकडे बघत पडलेले. अस्मिताचा बोळा दुखऱ्या पिनेवरून तसाच पुढे सरकला.

"ओ दीदी! उधर पिन छूट गई!"

काही नाही. पलकचा चेहरा लाल झाला. तिनं चादर भिरकावली, शेजारच्या पलंगाशी ठेवलेला वॉकर ओढला आणि ती उतरली.

सुनीताच्या हातातून चादरीचं टोक निसटलं. फ्रेम उघडी, दांड्या, पिना, शिवण, सगळं उघडं, आणि ती पोरगी मधल्या वाटेनं रागारागानं निघालेली. बेटम्याच्या बायका दारात एकमेकींना धरून उभ्या. कुमुदिनीबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्या फक्त तिची टाच बघत होत्या. आधी चवडाच टेकला. मग पुन्हा चवडा. मग वॉकरवर भार टाकून पलक पुढे झुकली, दुखलं तशी कळवळली, शिवी दिल्यासारखं काही तरी पुटपुटली, आणि टाच खाली आली.

"दीदी," शरदचंद्रजींच्या पलंगाशी पोचून पलक धापा टाकत म्हणाली, "दादाजी का पैर इधर है. खिड़की में क्या रखा है?"

अस्मितानं खिडकीतून मान वळवली. "सॉरी," ती शरदचंद्रजींकडे बघून म्हणाली. त्यांनी हात जोडले, अस्मिताला की पलकला ते कळलं नाही.

आणि मग पलकच्या लक्षात आलं की आपण वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या आहोत आणि सगळा वॉर्ड आपल्या पायाकडे बघतो आहे. तिचा रंग उडाला. तिनं मान वळवून कुमुदिनीबाईंकडे बघितलं.

बाईंना रडू आलं, आणि रडू आलं याचा भयंकर राग आला.

"अब मुझे क्या देख रही हो?" त्या ओरडल्या. "आई हो चल के, तो जाना भी चल के ही पड़ेगा. व्हीलचेअर नहीं मिलेगी!"

पलकनं नाक वर ओढलं. वॉकर उचलून फिरवला. परतीची वाट बेटम्याच्या घोळक्यानं अडली होती; बघता बघता सगळ्या आत सरकून आल्या होत्या. त्यातल्या एकीनं तोंडाला पदर लावून "हाय राम" म्हणायला सुरुवात केली.

सुनीतानं खाली पडलेली चादर उचलली होती. ती हातात तशीच धरून ती पुढे झाली, लेकीच्या पायाकडे एकदा नीट बघितलं, आणि त्या बाईला खांद्याला धरून बाजूला केलं.

"रस्तो छोड़ो, जीजी," ती म्हणाली. "म्हारी छोरी आ री है."